नदीपलीकडची चिठ्ठी

वैनगंगेच्या पश्चिमेस ब्रह्मपुरी आणि पूर्वेस देसाईगंज, ज्याला सारा मुलूख आजही वडसा याच नावाने ओळखतो, ही दोन्ही गावे 26 ऑगस्ट 1982 पर्यंत एकाच चंद्रपूर जिल्ह्याच्या दप्तरात होती. त्या दिवशी गडचिरोली जिल्हा निराळा झाला आणि नदी ही सरहद्द ठरली. परंतु वडसा, आरमोरी, कुरखेडा या बाजूच्या माणसाने, दुखणे घरगुती उपायांना दाद देईनासे झाले की ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांची पायरी चढण्याचा आपला पूर्वापार रिवाज सोडला नाही, आणि तो सोडावयास त्याला कोणी सांगितलेही नाही. करोनाच्या साथीत टाळेबंदी लागू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे 26 मार्च 2020 रोजी, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 1940 च्या औषधविषयक कायद्यातील कलम 26-ब चा आधार घेऊन एक अधिसूचना काढली व किरकोळ औषधविक्रेत्यांस रुग्णाच्या दारापर्यंत औषध पोहोचविण्याची मुभा दिली. मुभेला अटी होत्या, आणि बहुतेक अटी शहाणपणाच्या होत्या: चिठ्ठी प्रत्यक्ष अथवा ई-मेलने यावी, जुनाट विकाराची चिठ्ठी तीस दिवसांच्या आतील व तात्कालिक आजाराची सात दिवसांच्या आतील असावी, गुंगी आणणारी व नियंत्रित द्रव्ये वगळावीत, आणि ज्या महसुली जिल्ह्यात दुकान असेल त्याच महसुली जिल्ह्यात औषध पोहोचवावे. ही शेवटची अट दिल्लीत वाचणाऱ्यास निरुपद्रवी वाटली असेल; वडशाच्या रुग्णाची चिठ्ठी मात्र तिने नदीपलीकडे अडकवून ठेवली.

या अटीवर, आणि अटीच्या निमित्ताने साथीच्या काळातील एकंदर औषधव्यवहारावर, वडशाकडील एक औषधविक्रेते आणि हिवताप निर्मूलनाच्या कामात एटापल्ली-भामरागडच्या रानवाटा तुडवून निवृत्त झालेले एक अधिकारी यांच्यात रंगलेला वाद ऐकण्याचा योग मला आला. पहिल्यांना सगळे भाऊ म्हणतात, दुसऱ्यांना साहेब. नावांची जरुरी नाही. माझा कल साहेबांकडे होता हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे भाऊंची बाजू मी नेकीने मांडली आहे की नाही, हे वाचकांस पारखून घेता येईल.

भाऊंनी आरंभ केला तो अभिमानाने. "साहेब, औषधसेवा खुली ठेवायची म्हणजे काय करायचे, याचे उत्तर आम्ही व्याख्यानाने नव्हे, कृतीने दिले. 22 मार्चला जनता कर्फ्यू झाला, 23 ला राज्यात संचारबंदी आली, 24 च्या रात्री साऱ्या देशाची कवाडे लागली. ज्या 1897 च्या साथरोग कायद्याखाली प्लेगच्या दिवसांत घरे धुंडाळली गेली, तो कायदा आणि 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा असे दोन्ही हाती घेऊन सरकारने बाजार बंद केला आणि आम्हांला मात्र उघडे राहण्यास फर्मावले. आम्ही दुकानापुढे दोरी बांधली, चुन्याचे गोल आखले. तीनपदरी मास्क दहा रुपयांस आणि दोनशे मिलिलिटर सॅनिटायझर शंभर रुपयांस, असा दर सरकारने बांधून दिला. त्या दरात घाऊक विक्रेता माल देईना, तरी आम्ही गिऱ्हाइकास परत पाठविले नाही. घरची म्हातारी माणसे आत आणि ताप-खोकल्याचे लोक गल्ल्याशी, अशा स्थितीत आम्ही दिवस काढले."

"शटर वर होते, हे मी नाकारीत नाही," साहेब म्हणाले. "पण गिऱ्हाईक कोठून यायचे होते? मार्चअखेरीस एसटी थांबली. जिल्ह्याच्या आतली 22 मे रोजी आणि जिल्ह्याबाहेरची थेट 20 ऑगस्टला पुन्हा सुरू झाली. गडचिरोलीचे क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर, गोव्याच्या जवळजवळ चौपट. 2011 च्या शिरगणतीत माणसे पावणेअकरा लाखांच्या आत. बाकी सारे जंगल. मेडिकल आहेत ती तालुक्याच्या ठिकाणी आणि मोठ्या बाजाराच्या गावी. आलापल्लीपासून भामरागड साठ-पासष्ट किलोमीटर, आणि भामरागडपासून ज्या टोल्यांवर मी रक्ताचे नमुने घेत हिंडलो ते आणखी आत. तुमचे उघडे दुकान त्या माणसाला उघडे होते काय?"

"दुकान जंगलात नेणे माझ्या हाती नाही."

"नाही ना? मग उघडे ठेवले हे अर्धेच उत्तर झाले. आणखी एक गोष्ट पाहा. एप्रिलअखेरीस केंद्राने जिल्ह्यांची रंगवार यादी काढली, तीत गडचिरोली हिरव्या रंगात होता आणि चंद्रपूर नारिंगी. म्हणजे या जंगलात रोग येण्यापूर्वी कित्येक आठवडे बंदोबस्त आला. ज्याच्यासाठी बंदोबस्त केला तो आजार नव्हता. जे आजार होते, हिवताप, सिकलसेल, फेफरे, रक्तदाब, मधुमेह, त्यांच्या औषधांची वाट मात्र बंद झाली. साथ आली म्हणून हिवतापाचा डास सुटीवर जात नाही, भाऊ."

भाऊंनी यावर जे सांगितले ते शहरातल्या वाचकांच्या सहसा ध्यानात येत नाही. वडशाच्या दुकानातील माल नागपूरच्या दवाबाजारातून येतो. काही मोठ्या गाडीने, आणि निकडीचा असेल तो एसटीच्या पार्सलाने किंवा प्रवासी गाडीच्या चालकाच्या हाती दिलेल्या पुडक्याने. एसटी थांबली तेव्हा केवळ रोगीच थांबला असे नाही, त्याची गोळीही नागपुरात थांबली. गाडीला पास मिळाला तर हमालाला मिळत नसे, दोघांना मिळाला तर नाक्यावरचा शिपाई नवा असे आणि त्याला खोक्यांत काय आहे हे प्रत्येक वेळी उघडून दाखवावे लागे. "लोक म्हणतात, दुकान अत्यावश्यक," भाऊ म्हणाले, "पण दुकानामागची साखळी कोणी अत्यावश्यक मानली नाही. कंपनी, डेपो, घाऊक विक्रेता, गाडी, चालक, हमाल, मग आम्ही. एक कडी तुटली की आमच्या फळीवर धूळ."

येथवर दोघांचे फारसे वाकडे नव्हते. वाकडे आले ते महसुली जिल्ह्याच्या अटीवर. आणि आश्चर्य असे की, जिच्यामुळे त्यांच्याच गावचे रोगी अडले, तिचे समर्थन भाऊंनी केले.

"सरहद्द नको म्हणता, साहेब, पण औषध निरीक्षकाचा अंमल जिल्ह्यापुरताच असतो. आज ब्रह्मपुरीच्या दुकानाला नदी ओलांडू द्याल, उद्या मुंबईची एखादी कंपनी आपल्या गोदामातून कोरचीला गोळ्या पाठवील. चिठ्ठी खरी की खोटी, एकाच चिठ्ठीवर पाच ठिकाणी माल उचलला की काय, हे कोण पाहणार? आमच्या अखिल भारतीय संघटनेने 30 मे 2017 आणि 28 सप्टेंबर 2018 रोजी देशभर दुकाने बंद ठेवली, ती हौसेने नव्हे. साथीच्या निमित्ताने जे दार किलकिले होते, ते साथ गेल्यावर लागत नाही."

"म्हणजे अट रोग्याच्या रक्षणासाठी नव्हती, तुमच्या गल्ल्याच्या रक्षणासाठी होती, असे म्हणा."

"तसेही म्हणा हवे तर, पण माझा गल्ला त्या अटीने भरला नाही. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरने लिहिलेली गोळी पुष्कळदा ज्या कंपनीची असते, ती त्याच्या दवाखान्याखालच्या मेडिकलमध्येच मिळते. माझ्याजवळ तेच द्रव्य, तेच मिलिग्रॅम, दुसऱ्या कंपनीचे असे. पण नाव बदलून देण्याचा अधिकार फार्मासिस्टला नाही, आणि रोगीही घेत नाही, कारण त्याला गोळीचा रंग ठाऊक असतो, नाव नव्हे. डॉक्टरला फोन लावावा तर तो लागत नसे. नदीपलीकडे दुकानात गोळी आहे, अलीकडे रोगी आहे, मध्ये मी परवाना भिंतीला टांगून बसलो आहे. अट मला पाहिजे आहे, पण तिने झालेली फजितीही मी पाहिली आहे."

ही कबुली प्रामाणिक होती, आणि माझ्या मते संबंध वादातील सर्वांत मोलाची. चाळीस वर्षांपूर्वी प्रशासनाच्या सोयीसाठी आखलेली एक रेघ रोग्याच्या वाटेवर आडवी येते, तेव्हा दोष रेघेचा नसतो. पूर्वी ती रेघ ओलांडून काय काय ये-जा करीत होते याची नोंद कोणत्याच कचेरीत नसते, हा दोष असतो. शेजारशेजारच्या दोन जिल्हाधिकाऱ्यांस परस्परसंमतीने ती अट शिथिल करण्याची तरतूद त्याच अधिसूचनेत एका ओळीने करता आली असती. गडचिरोलीतल्याच सिरोंच्याची गोष्ट तर याहून बिकट. तेथला माणूस कालेश्वरमचा पूल ओलांडून तेलंगणाच्या गावांत औषधपाणी करावयास जातो, आणि तेथे जिल्ह्याची नव्हे, राज्याची सरहद्द आडवी आली.

तेलंगणाचा विषय निघताच साहेबांनी दुसरा मुद्दा उचलला. एप्रिल 2020 मध्ये त्या राज्याच्या सरकारने मेडिकलवाल्यांना ताप, सर्दी, खोकला यांवरील औषधे घेणाऱ्यांची नावे व फोन नंबर नोंदवून कळविण्यास सांगितले होते. हेतू उघड होता: जो डॉक्टरकडे जात नाही तोही मेडिकलमध्ये येतो, तेव्हा साथीची पहिली चाहूल तेथेच लागावी. भाऊंना ती कल्पना रास्त वाटली. दुकानदार हा वस्तीचा जुना जाणकार, कोणत्या मोहल्ल्यात कशाची मागणी वाढली हे सरकारच्या आधी त्याला कळते. साहेब मात्र चिडले. "नाव लिहिले की माणूस पळतो. रक्ताची काचपट्टी काढताना मला ठाऊक झाले आहे: आमच्या माडिया आदिवासी वस्त्यांत कागद आणि पेन काढले की निम्मी घरे रिकामी होतात. तापाची गोळी घेणे म्हणजे उचलून विलगीकरणात नेणे, असे एकदा त्याच्या मनाने घेतले की तो पुजाऱ्याकडे जाईल, बोगस डॉक्टरकडे सलाईन लावून घेईल, पण तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही. मोहल्लावार आकडा घ्या, नाव घेऊ नका." भाऊ यावर 'पाहू' एवढेच म्हणाले, त्यांचे समाधान झाले नव्हते, आणि खरे सांगायचे तर माझेही पुरते झाले नाही, कारण आकडा घेणाऱ्या माणसाला शेवटी त्या आकड्यातील माणूस शोधावाच लागतो.

मग साहेब मुख्य गोष्टीवर आले. "औषध कोणी द्यावे, हा या जिल्ह्यात नवा प्रश्न नाही. 1986 मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' संस्था येथे सुरू केली. बालकांच्या न्यूमोनियावर गावच्याच शिकविलेल्या माणसांच्या हातून प्रतिजैविक द्यावे, हा प्रयोग त्यांनी याच खेड्यांत केला आणि 1990 मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पुढे 39 गावांत आरोग्यदूत बाया नवजात बाळाला घरच्या घरी तपासून, गरज पडल्यास जेंटामायसीनचे इंजेक्शन देऊ लागल्या, आणि 1999 च्या निबंधात नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी उतरल्याचे जगाने वाचले. इंजेक्शन, भाऊ! तुमचा फार्मसी कायदा, 1948 चा, कलम 42, म्हणतो की नोंदणीकृत फार्मासिस्टाखेरीज कोणी औषध देऊ नये. त्या बायांनी कोणता डिप्लोमा घेतला होता?"

भाऊ उसळले. "त्या बायांना शिकविले कोणी, त्यांच्यावर देखरेख कोणाची, प्रत्येक बाळाची नोंद कोणी ताडून पाहिली? तुम्ही फळ सांगता, झाडाला घातलेले पाणी सांगत नाही. ज्या 26 मार्चला घरपोच औषधाची मुभा आली, त्याच दिवशी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची विक्री एच-1 अनुसूचीच्या शर्तींखाली घातली गेली, हे विसरू नका. का घातली? कारण लोक बातमी ऐकून ते घेत सुटले होते, आणि संधिवाताचा जो रोगी त्यावर खरोखर अवलंबून होता त्याला ते मिळेना. 2021 च्या एप्रिलमध्ये रेमडेसिविरसाठी नातेवाइकांच्या रांगा लागल्या. वाटप जिल्हाधिकाऱ्यांनी हाती घेतले. आणि ज्यासाठी लोकांनी दागिने मोडले त्या औषधाची शिफारस करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्येच सांगून ठेवले होते. मागणी म्हणजे गरज नव्हे, साहेब. गल्ल्यामागे उभ्या असलेल्या माणसाचे अर्धे काम देण्याचे असते, अर्धे न देण्याचे."

"बोललात छान," साहेब म्हणाले, "पण महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते तेव्हा, फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर कारवाई सुरू झाली, त्या वेळी बंद कोणी पुकारले? खेड्यात फार्मासिस्ट मिळत नाही, ही तक्रार तुमच्याच लोकांची होती. गावच्या आशा सेविकेला औषधांची पिशवी द्यायची म्हटली की तुम्हांला कलम 42 आठवते."

भाऊ हसले. तो बंद आपल्याला तेव्हाही पटला नव्हता, असे ते म्हणाले. मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो.

या ठिकाणी कायद्याकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे, कारण दोघेही तो जितका कठोर समजत होते तितका तो नाही. 1945 च्या औषध नियमांना 'के' नावाची एक अनुसूची जोडलेली आहे. एक हजाराहून अधिक वस्ती नसलेल्या खेड्यात पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन, मलमे, एरंडेल, टिंक्चर आयोडीन आणि क्विनीन सल्फेटच्या गोळ्यासुद्धा किराणा दुकानात परवान्यावाचून विकता येतात. आणि आरोग्य उपकेंद्राचे बहुउद्देशीय कर्मचारी, परिचारिका, गावचे आरोग्य स्वयंसेवक, अंगणवाडी सेविका यांनी दिलेल्या औषधांनाही तीत सूट आहे. म्हणजे ज्यांनी हे नियम लिहिले त्यांना, प्रत्येक टोल्यावर फार्मासिस्ट बसणार नाही, हे ठाऊक होते, आणि त्यांनी एक खिडकी उघडी ठेवली होती. सरकारने स्वतः 2011 पासून नवजात बाळाची घरपोच काळजी आशांकडे देशभर सोपविली, इंजेक्शन तेवढे वगळले. वाद कायद्याचा नव्हता. त्या खिडकीतून काय काय जाऊ द्यावयाचे, याचा होता.

आणि तेथेच भाऊंनी साहेबांना पेचात पकडले. "बरे, खिडकी उघडी. आशेच्या पिशवीत काय असते? पॅरासिटामॉल, ओआरएस, लोह, क्लोरोक्विन. रक्तदाबाची गोळी असते? मिरगीची? मिरगीची गोळी चार दिवस चुकली तर झटका येतो. चुलीपाशी आला तर माणूस भाजतो. सिकलसेलच्या पोराला हायड्रॉक्सियुरिया लागते, तिच्यासाठी अधूनमधून रक्त तपासावे लागते, नाहीतर पेशी घसरतात. ते आशा कशी देणार? तुमचा सारा प्रयोग ताप आणि बाळ यांवर उभा आहे. माझ्या दुकानी येणारा रोगी तापाचा नाही, तो जन्मभराचा आहे."

साहेब बराच वेळ बोलले नाहीत. नंतर त्यांनी जे मांडले ते उत्तर नव्हते, तोडगा होता, आणि तो त्यांनी पुस्तकातून नव्हे, पावसाळ्यातून घेतला होता. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा संगम असलेल्या भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी वाहू लागले की जगाशी संबंध तुटतो; आणि म्हणून नवसंजीवन योजनेखाली अशा संपर्काबाहेर जाणाऱ्या गावांना चार महिन्यांचे रेशनचे धान्य पावसापूर्वीच पोहोचविण्याची वहिवाट आहे. "धान्य जाते, मग गोळी का जाऊ नये? जन्मभराच्या रोग्यांची गाववार यादी करा. चिठ्ठी तीस दिवसांची नको, तीन महिन्यांची हवी. पुडकी तुम्ही बांधा, नावानिशी, फार्मासिस्टच्या सहीने. आशा फक्त नेऊन देईल आणि रोगी घेतो की नाही ते पाहील. हायड्रॉक्सियुरियावाल्याचे रक्त उपकेंद्रावर निघेल, आकडा डॉक्टरला फोनने कळेल. दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे 25 मार्च 2020 लाच निघाली आहेत. फोन लागत नाही तेथे परिचारिका टेकडीवर चढेल, ती आजही चढतेच. पूर असो की संचारबंदी, वाट बंद होणार हे गृहीत धरून ही तजवीज व्हावी. संचारबंदी लागल्यावर अधिसूचना काढणे म्हणजे पर्लकोटेला पूर आल्यावर धान्याची गाडी काढणे."

देणे कोणाचे आणि पोहोचविणे कोणाचे, ही फोड भाऊंना पसंत पडली, कारण तिच्यात फार्मासिस्टची सही शाबूत राहत होती. मलाही ती पटली. वरवर पाहता ती किरकोळ वाटते, पण कायदा आणि जंगल या दोहोंना एका दमात सांभाळणारी दुसरी वाट मला दिसत नाही. औषधांच्या सहा महिन्यांच्या अनुपस्थितीवर तीन वर्षे समित्या नेमण्यापेक्षा ही यादी करणे स्वस्त पडेल.

मध्येच सॅनिटायझरचा विषय निघाला, आणि तो टाळणे या मुलखात शक्यही नव्हते. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी, चंद्रपुरात 1 एप्रिल 2015 पासून होती आणि ती 2021 च्या मे महिन्यात उठविण्याचा निर्णय झाला. त्याच्या आदल्या महिन्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, वणीस, सॅनिटायझर पिऊन सात माणसे दगावली. ज्या वस्तूचा दर बांधून ती मुबलक करावी म्हणून सरकार झटत होते, तीच कोणाला किती द्यावी हे मेडिकलवाल्याला माणसाचे तोंड पाहून ठरवावे लागे. "एकच माणूस दिवसात तिसरी बाटली मागतो," भाऊ म्हणाले, "तेव्हा कोणत्या अनुसूचीत पाहायचे?" साहेबांनी हा मुद्दा आपल्या वहीत उतरून घेतला, घरपोच सेवेत असे तोंड पाहणे घडत नाही, हे त्यांनी न बोलता मान्य केले.

शेवटी गोष्ट पैशावर आली. तीन महिन्यांचा साठा गावोगाव ठेवायचा तर काही पुडकी उरणार, रोगी स्थलांतराला जाणार. मिरचीतोडणीला तेलंगणात गेलेले कुटुंब केव्हा परतेल हे तलाठ्यालाही ठाऊक नसते. उरलेल्या गोळ्यांची मुदत संपली की घाऊक विक्रेता त्या परत घेतो ते दुकानातून, टोल्यावरून नव्हे. "तो तोटा कोणाच्या नावे लिहू?" भाऊंनी विचारले. साहेब म्हणाले, जिल्हा परिषदेच्या. भाऊ म्हणाले, जिल्हा परिषदेचे बिल निघेपर्यंत दुसरी साथ येईल. साहेबांनी मग दुसरा पर्याय सुचविला, की मुदत संपण्यास सहा महिने उरले असताना पुडकी परत आणून तालुक्याच्या रुग्णालयात वापरून टाकावीत. भाऊंनी गाडीभाडे विचारले. एटापल्लीहून परतीची गाडी रिकामीच येते, तिचे भाडे कसले, असे साहेब म्हणाले, आणि दोघेही कागद घेऊन गावांची नावे लिहावयास बसले; परंतु भाऊंच्या मते आरंभ जवळच्या कोरची तालुक्यापासून व्हावा आणि साहेबांच्या मते भामरागडपासून. हा वाद मात्र त्या दिवशी मिटला नाही.